उंदीरमामा

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून एक खोली आहे. गल्लीतली पोरं तिला उंदीरमामाची खोली म्हणतात. खोलीत उंदीर नाही. असला तर राहणारा तिथे एक रात्र काढायचा नाही. ते पुढे येईलच.

आमचं गाव ओवे. हल्ली सगळे सरसकट खारघर म्हणतात, मेट्रोच्या एकाही स्टेशनाला आमचं नाव नाही. पण टाटांचं ते मोठं कर्करोग संशोधन केंद्र आहे ना, अ‍ॅक्ट्रेक, त्याचा पोस्टाचा पत्ता वाचा: उत्सव चौक–सीआयएसएफ रोड, ओवे कॅम्प. पूर्वी आम्ही भात लावायचो. जमीन गेली, साडेबारा टक्क्यांत प्लॉट आला, प्लॉटवर मजले चढले, आणि आम्ही शेतकऱ्याचे घरमालक झालो. परळची जुनी कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट या शतकाच्या सुरुवातीला इकडे आली, तिच्यामागून भाडेकरूंची ही नवी जात आली. आजवर पाच झाले. कुणी लातूरचा, कुणी सांगलीचा, एक पार आसामचा. पण पाचही एकाच साच्यातले, म्हणून पाचांचा मिळून एकच सांगतो.

करार अकरा महिन्यांचा. मी रीतीप्रमाणे विचारलं, "किती दिवस राहणार?"

"पाच वर्षं, काका. कदाचित सहा."

"कशावर आहे ते?"

"उंदरांवर."

असं सरळ उत्तर देणारा भाडेकरू बुडवणारा नसतो, हे मला अनुभवाने ठाऊक. मी अनामत घेतली.

गावात बातमी पसरली की 'टाटाचा डॉक्टर' राहायला आलाय. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वहिनी हातावरचा नायटा घेऊन हजर. त्याने चष्मा वर सरकवून तो मनापासून पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, मी कातडीवरच काम करतो, पण उंदरांच्या." वहिनी अजून त्याच्याशी बोलत नाहीत.

काम काय करतो, हे समजायला मला दोन करार लागले. शरीरात जिथे जिथे आत आणि बाहेर यांची शीव आहे तिथे एक अस्तर असतं. कातडी, गालाची आतली बाजू, आतडं, फुप्फुसाच्या नळ्या, दूधग्रंथी, सगळीकडे. त्याला एपिथेलियम म्हणायचं. याचा सगळा संसार त्या अस्तराशी. माणसाला होणाऱ्या दहा कर्करोगांपैकी आठ-नऊ याच अस्तरातून उठतात, कारण ते सतत झिजतं आणि सतत नवं होतं. आतड्याचं तर चार-पाच दिवसांत पालटतं. ज्या घरात रोज सुतारकाम चालतं त्याच घरात कधीतरी माप चुकायचं.

हे त्याने मला आमच्या स्वयंपाकघरात समजावलं, भाकरीवर. आमची आय तांदळाची भाकरी थापते. भाकरी तव्यावर पडली, उलटली, निखाऱ्यावर गेली आणि टम्म फुगून पापुद्रा सुटला. पोरगा घास हातात धरून तसाच थांबला. "काका, हे बघा! अगदी हेच!" म्हणाला. अस्तराच्या पेशी एकमेकींना आणि खालच्या थराला घट्ट टाचलेल्या असतात, आणि पेशीच्या आत केराटिनचे दोर असतात. दोर कच्चा निघाला की जरा घासलं तरी कातडी अशी भाकरीसारखी सुटते. १९९१ साली अमेरिकेत एलेन फुक्स या बाईंनी उंदरांत केराटिनचं एक जनुक मुद्दाम बिघडवून घातलं, तर पिल्लांना फोडच फोड आले. त्यावरून माणसांतल्या तशाच एका जन्मजात रोगाचं कूळ सापडलं. आयने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाकर निवली, खा आता." त्याने आधी पापुद्र्याचा फोटो काढला.

या जातीची पहिली खूण म्हणजे चिठ्ठी. प्रयोगशाळेत प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि कुणाची ते लिहावं लागतं, म्हणून खोलीतही तेच. मिठाच्या बरणीवर 'मीठ, उघडलं १२ जून'. फ्रिजमधल्या दह्यावर 'दही, दुसरी पिढी', कारण विरजण आयकडचं. एकदा टेबलावरच्या रिकाम्या पेल्यावर 'पाणी' अशी चिठ्ठी पाहिली. पाणी तो प्यायला होता, चिठ्ठी काढायची राहिली होती.

दुसरी खूण म्हणजे अवेळ. रात्री साडेदहाला चपला घालून निघाला की आय ओट्यावरून हाक मारायची, "कुठं चाललास रं या वक्ताला?"

"पेशींना खायला घालायला, आजी."

तबकड्यांत वाढणाऱ्या पेशी. त्यांना सदतीस अंश ऊब, वर पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि खुराकात वासराच्या रक्ताचा पातळ भाग. दोन-तीन दिवसांनी खुराक बदलला नाही तर मरतात. त्यांना रविवार नाही, गणपती नाही. आयने आठ नातवंडं वाढवली, तिला या गोष्टीत काही नवल वाटलं नाही. तिला नवल एवढंच, की जो पेशींना वेळेवर जेवायला घालतो तो स्वतः रात्री एकला पावासोबत फरसाण खातो.

आणि उंदीर! उंदरांची बडदास्त ऐकून मी माझ्या बायकोला म्हटलं, पुढचा जन्म तिथेच घेऊ. बारा तास उजेड, बारा तास अंधार, घड्याळाच्या ठोक्यावर. बारा महिने गार हवा. निर्जंतुक केलेलं बिछान्याचं भूस, उकळलेलं पाणी, प्रत्येक पिंजऱ्याला पत्रिका, पत्रिकेवर आईबाप, जन्मतारीख, जात. वर समिती. किती उंदीर वापरणार, कशासाठी, कमीत भागणार नाही का, त्यांना त्रास कमी कसा होईल, हे सगळं लिहून दिल्याशिवाय एकाही शेपटीला हात लावता येत नाही. याच्या खोलीत मात्र पंखा, तोही तिसऱ्या नंबरावर घरघरणारा. एकदा मे महिन्यात रात्री दोन वाजता गच्चीवर सतरंजी टाकून बसलेला दिसला. म्हणाला, "काका, मी स्विस जातीचा उंदीर असतो तर बरं होतं."

तर ती रात्र. श्रावणातली. गटार तुंबलं आणि आमच्या स्वयंपाकघरात घूस शिरली. घूस म्हणजे मांजर दोन पावलं मागे येतं अशी. घरात पुरुषमाणूस मी एकटा आणि माझी कंबर धरलेली. बायको म्हणाली, वर उंदरांचा माणूस असताना घाबरायचं काय? धावत जाऊन त्याला आणलं. रोज उंदीर शेपटीला धरून उचलणारा माणूस; तो आत आला, सिलिंडरमागून तिने तोंड बाहेर काढलं, आणि पुढच्या क्षणी आमचा संशोधक ओट्यावर, शेगडीशेजारी, दोन्ही पाय वर घेऊन उकिडवा.

"अरे, तू रोज धरतोस ना?"

"काका, माझे पंचवीस-तीस ग्रॅमचे असतात! पांढरे! तळहातावर बसतात! ही किलोभराची आहे. हिची पत्रिका कुठाय?"

आय उठली. एका हातात खराटा, दुसऱ्यात पाण्याची कळशी, आणि तोंडाने आमच्या गावठी बोलीतलं जे काही, ते इथे लिहीत नाही. तीन मिनिटांत घूस मागच्या दाराने शेताकडे, म्हणजे पूर्वी शेत होतं त्या पार्किंगकडे गेली. आयने खराटा जागेवर ठेवला आणि ओट्याकडे बघून म्हणाली, "उतर मामा आता." तेव्हापासून तो उंदीरमामा.

माणूस खचला नाही. ही या लोकांची तिसरी खूण, आणि खरं सांगायचं तर मला एवढीच पटलेली. वर्षभर चाललेला प्रयोग एका शनिवारी वाया गेला तर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. निबंध छापायला पाठवला की कुणी दोन अनोळखी परीक्षक तो वाचतात, त्यांना रिव्ह्यूअर म्हणतात. पहिला छान म्हणतो. दुसरा विचारतो, हे का नाही केलं, ते का नाही मोजलं, आणखी सहा महिने करा. दुसऱ्या रिव्ह्यूअरचं पत्र आलं की मामा दोन दिवस दाढी करत नसे. आयला वाटायचं, लग्नाला नकार आला.

चिकाटीचा विषय निघाला की तो सशाची गोष्ट सांगे. टोकियोचे यामागिवा आणि त्यांचे सहकारी इचिकावा, साल १९१५. सशाच्या कानाला डांबर फासत बसले. आज फासलं, परवा फासलं, महिनेच्या महिने. त्यांच्याआधी इतरांनीही करून पाहिलं होतं, पण ते कंटाळून सोडून गेले. हे सोडेनात, आणि शेवटी कानाच्या कातडीवर कर्करोग उगवला. रसायनाने कर्करोग होतो हे प्राण्यात दाखवलं गेलं ते तिथे. आय म्हणाली, "सशानं काय केलता त्यांचा?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मग तिला खूश करायला त्याने जमालगोट्याचं सांगितलं. उंदराच्या पाठीवरचे केस काढून एक रसायन एकदाच लावायचं, नुसतं त्याने काही होत नाही. पण त्यावर आठवड्यातून दोनदा जमालगोट्याच्या तेलातला अर्क लावत राहिलं की काही आठवड्यांत गाठी येतात. एक बी पेरतो, दुसरा पाणी घालतो. जमालगोटा म्हटल्यावर आयचा चेहरा उजळला. तिला त्याचा दुसरा उपयोग माहीत होता, आणि तो तिने माझ्या थोरल्या काकांच्या नावानिशी सांगितला.

कमल रणदिवे बाईंचं नावही तिने त्याच्याकडूनच ऐकलं. पुण्यात १९१७ साली जन्मलेल्या, परळला पेशी वाढवण्याची प्रयोगशाळा उभी केली, उंदरांच्या दूधग्रंथींच्या कर्करोगावर हयात घालवली, १९८२ला पद्मभूषण. "बाई उंदरांना घाबरत नव्हत्या ना?" एवढंच आयने विचारलं, आणि माझ्या बायकोकडे बघून डोळा मिचकावला.

आता मशेरी. आय साठ वर्षं मशेरी लावत होती. काळी तंबाखू तव्यावर जाळायची, घरभर ठसका उठवायचा, चुरून डबीत भरायची. सकाळी, दुपारी, रात्री तर्जनीवर घेऊन हिरडीवर फिरवायची आणि ओट्यावर बसून दूर नजर लावायची. तेवढा वेळ तिला देवसुद्धा हाक मारत नसे. मामा पहिली दोन वर्षं गप्प राहिला. तिसऱ्या वर्षी एका दुपारी त्याने घसा साफ केला.

"आजी, आमच्याच संस्थेत, परळला असताना, ऐंशीच्या दशकात मशेरी उंदरांना देऊन पाहिली होती. त्यांच्या पोटात गाठी आल्या."

आयने बोट हिरडीवरून काढलं. "पोटात?"

"हो."

"म्हंजी गिललीन त्यांनी."

"हो, पोटातच दिली होती."

"मंग! मी थुंकतंय. उंदराला थुंकाया कुनी शिकवलं व्हता का?"

मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "काका, मुद्दा बरोबर आहे. देण्याची पद्धत वेगळी आहे." तरी त्याने नेट धरला. म्हणाला, माणसांचंही मोजलेलं आहे. संघवी, राव आणि खानोलकर यांनी मुंबईतल्या रुग्णांचा हिशेब १९५५ साली छापला, तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडाचा कर्करोग त्यात दिसतो. आय म्हणाली, "माजे धाकले जावेनं कवा डबीला हात लावला नाय. ती गेली, मी हाय."

"आजी, एका माणसावरून काही ठरत नाही."

"तुजे उंदीर किती?"

"चाळीस."

"माज्या गावात मशेरीवाल्या दोनशे हायत. त्या मोज."

त्या रात्री त्याने खोलीच्या दारावर खडूने लिहिलं: 'दुसरा रिव्ह्यूअर तळमजल्यावर राहतो'.

पण नजर तयार झाली होती. महिनाभराने आय जांभई देत असताना त्याने पाहिलं. जवळ गेला, मोबाइलचा दिवा लावला, "आजी, आ करा." तिने का कोण जाणे, केला. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेजवळ, पांढरा चट्टा, करंगळीच्या नखाएवढा. गालाच्या आतलं अस्तर एरवी मऊ आणि ओलं. रोजच्या जाचाने तिथे घट्टा पडतो, केराटिन साचतं, म्हणून पांढरं दिसतं. बहुतेक चट्टे तसेच राहतात, काही पुढे जातात. पुढे गेलेल्यांत कधी कधी अशी केराटिनं दिसतात जी त्या जागी असायलाच नकोत, सुताराच्या पेटीत न्हाव्याचा वस्तरा सापडावा तशी. हे तो मला नंतर जिन्यात सांगत होता. इतकी वर्षं तो तेच तर शोधत होता, आणि सांगताना त्याचा आवाज जरा चिरकत होता. तिच्यासमोर मात्र एवढंच म्हणाला, "आजी, उद्या माझ्याबरोबर चला. स्कूटरवर."

इस्पितळात तुकडा काढून तपासला. वाईट काही निघालं नाही. तपासणीला येत राहा आणि मशेरी बंद, एवढं लिहून दिलं. परत आल्यावर आयने कुणाला न विचारता डबी कमरेची काढली आणि मामाच्या हातात ठेवली. "तुजे उंदराला दे."

उंदराला कशी देणार, समितीची परवानगी नाही. त्याने डबी स्वतःच्या टेबलावर ठेवली आणि चिठ्ठी चिकटवली: 'मशेरी, आजी, ता. ९ ऑगस्ट, उघडू नये'.

आता रोज दुपारी तीन वाजता आय तीन मजले चढून वर जाते. गुडघे दुखतात, मध्ये दोनदा बसते. मामा घरी असला तर झाकण उघडून डबी तिच्या नाकाशी धरतो, ती डोळे मिटून एकदा श्वास घेते, झाकण बंद. मग तो वहीत नोंद करतो. परवा भाडं मागायला गेलो तेव्हा वही उघडीच होती. शेवटची ओळ होती: 'दु. ३.१०, वास १ वेळ. दुसऱ्यांदा मागितला, दिला नाही. शिव्या ४.'