नोकरी सोडण्याचे पाठ टाचण

इयत्ता: नवशिके. विषय: नोकरी सोडणे. घटक: जाऊ की राहू. कालावधी: दिवाळीची सुट्टी ते पुढच्या वर्षीची भाताची आवणी. पूर्वज्ञान: विद्यार्थ्याने, म्हणजे तुम्ही, निदान एकदा तरी ओतूरच्या स्टँडवर उभं राहून ‘आता बास’ असं मोठ्यानं म्हटलेलं असावं.

साहित्य: कोरा कागद, चालू पेन, सेवापुस्तकाची झेरॉक्स आणि रेंज. रेंज मढच्या चौकात भरपूर. त्यापुढच्या आमच्या वाडीतल्या शाळेत मात्र ती खिडकीच्या तिसऱ्या गजापाशीच येते, तीही मोबाइल आडवा धरला तर.

मी हा घटक बावीस वर्षं शिकतोय. २००३ साली तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागलो, त्याच वर्षी पहिल्यांदा सोडायचं ठरवलं. तेव्हापासून त्याच वर्गात बसलोय. तेव्हा माझ्याकडून शिकायला हरकत नाही. नापास झालेल्याला धडा पाठ असतो.

सुरुवात शब्दापासून करू. नवशिके रागाच्या भरात ‘राजीनामा’ लिहितात. तो लिहू नये. राजीनाम्यानं मागची सगळी सेवा पुसली जाते, ओल्या फडक्यानं फळा पुसावा तशी. वीस वर्षं भरली असतील तर ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहायचं आणि तीन महिने आधी नोटीस द्यायची. यातली खरी परीक्षा त्या तीन महिन्यांची. राग तीन महिने टिकवणं हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. माझा सतरा दिवस टिकला होता. अठराव्या दिवशी पगार झाला.

आपल्या धंद्यात सोडून जाण्याची परंपरा मोठी आहे, तेव्हा लाज बाळगू नका. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० ला पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. साने गुरुजींनी १९३० साली अमळनेरची शाळा सोडली, सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. म्हणजे पर्याय दोन: दुसरी शाळा किंवा तुरुंग. दोघांच्याही डोक्यावर शिक्षक पतसंस्थेचं कर्ज नव्हतं, एवढं मात्र ध्यानात घ्या.

आता कारण. अर्जात कारणाचा रकाना असतो आणि तिथं ‘कंटाळा’ चालत नाही. सुदैवानं कारण आयतं मिळालं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायची, नाहीतर घरी जायचं. पाचाच्या आत असलेल्यांना नोकरी राहील, बढती नाही. आम्ही लागलो तेव्हा टीईटी नावाची गोष्टच नव्हती. महाराष्ट्रात ती पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१३ मध्ये. बारा वर्षं शिल्लक असलेला मी बरोबर कात्रीत सापडलो. निकालानंतर चारच दिवसांनी शिक्षक दिन आला. मुलांनी तेरड्याची फुलं दिली. ती हातात धरून मी विचार करत होतो की हा सत्कार आहे की निरोप समारंभ.

इथं सूचना: परीक्षेला बसाच. सोडायचं ठरलं असेल तरी बसा. २३ नोव्हेंबरला मी पहाटेची गाडी धरून पुण्यात केंद्रावर पोचलो. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं. बालमानसशास्त्राचे तीस गुण, आणि तिथं पियाजे असणारच, म्हणून बसमध्ये पियाजेच्या अवस्था घोकत गेलो. संवेदक-कारक, पूर्वक्रियात्मक, मूर्त क्रियात्मक. चौथी शिवाजीनगरपर्यंत आठवली नाही.

वर्गात माझ्या मागच्या बाकाशी एक मुलगी उभी होती. बसेचना. पर्यवेक्षक म्हणाले, बसा. ती म्हणाली, “गुरुजी बसल्याशिवाय कशी बसू?” माझ्याच हाताखाली चौथी पास झालेली. डी.एड. करून चार वर्षं घरी आहे. पेपर सुटल्यावर आम्ही गेटबाहेर चहा घेतला. पैसे तिनं दिले, मला देऊ दिले नाहीत. मी म्हटलं, मी बहुतेक सोडतोय. तिचा चेहरा उजळला. “खरंच गुरुजी? मग जागा निघेल.” मग तिलाच कसंसं झालं आणि ती कपातल्या सायीकडे बघत बसली. बोलली त्यात वावगं काही नव्हतं. बावीस वर्षांत माझ्या जाण्यानं कुणाचं भलं होईल असं मला पहिल्यांदाच कळलं, आणि नेमकं तेव्हाच जावंसं वाटेना. माणूस हलकट असतो.

टीईटीच्या सक्तीविरुद्ध ५ डिसेंबरला झालेल्या शाळा बंद आंदोलनात जायचं की नाही हा वेगळा घटक आहे, तो या टाचणात घेत नाही. मी गेलो होतो.

जे टीईटीमुळे सोडत नाहीत ते लिंकमुळे सोडतात. लिंक म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. मोबाइलवर निळं अक्षर येतं, खाली ‘आज दुपारी ३ पर्यंत’ असतं, वेळ पाहावी तर अडीच वाजलेले. आधार, अपार, यू-डायस, झाड लावल्याचा फोटो, हात धुतल्याचा फोटो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून बिगरशैक्षणिक काम देता येत नाही. हात धुणं शैक्षणिकच आहे म्हणा. पण मी तिसऱ्या गजापाशी मोबाइल आडवा धरून उभा असतो तेव्हा मागं चार इयत्तांची सतरा मुलं आपापसात पाढे म्हणत असतात आणि सात सत्ते पंचेचाळीस झाले तरी कुणी अडवणारं नसतं.

चारही इयत्तांना मी एकटा. कायद्यानं साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. दुसरे गुरुजी बदलीनं गेले, त्यांची खुर्ची तेवढी आहे. आणि इथूनच या पाठाचा अवघड भाग सुरू होतो: चार्ज देणे.

नवशिक्यांना वाटतं, आदेश आला की आपण सुटलो. आदेशावर ‘कार्यमुक्त’ असं लिहिलेलंही असतं. पण चार्ज घ्यायला माणूस लागतो, आणि चार्ज म्हणजे शाळेतली प्रत्येक वस्तू मोजून, सही घेऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालणं. म्हणून आधी यादी करून ठेवा. मी नाताळच्या सुट्टीत बसलो.

पहिला तांदूळ. मुलामागं रोज शंभर ग्रॅम. पोतं पन्नास किलोचं म्हणून येतं आणि वजनकाट्यावर चढताना लाजतं. ओतूरला श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराच्या देवळात कोरड्या तांदळाच्या पिंडी उभ्या करतात, लोक लांबून बघायला येतात. आमच्या रजिस्टरात महिनाअखेरीला तांदळाचा हिशोब उभा राहतो तो त्याहून मोठा चमत्कार आहे, पण त्याची यात्रा भरत नाही. मी मोजत असताना स्वयंपाकाच्या मावशी दारात आल्या.

“गुर्जी, तुम्ही चालले म्हणं.”

“बघू. ठरलं नाही.”

“नाही, जावा की. पण माझ्या मानधनाचं तेवढं ऑनलाइन टाकून जावा. नवीन माणसाला महिनाभर बटन सापडत नाही.”

तांदूळ झाला, मग डेडस्टॉक रजिस्टर. लोखंडी कपाट एक, आहे. टाटपट्ट्या सहा, पैकी दोन उंदरांकडे. टीव्ही एक, एका कंपनीनं दिलेला. वीज असते तेव्हा चालतो. लाकडी खुर्च्या चार, पैकी एक एका लग्नात गेली होती, ती परत आली तेव्हा तिच्याबरोबर आमची नसलेली एक जास्तीची आली. जास्तीच्या वस्तूसाठी रजिस्टरात रकाना नाही. ती मी पालकांना बसायला ठेवली आहे.

मग नोंद आली: ‘घंटा, पितळी, नग १’.

आमच्या पडवीत रुळाचा तुकडा टांगलेला आहे. मी आलो तेव्हापासून तोच आहे. दुसरीतली मुलगी दगडानं वाजवते, आवाज पिंपळगाव जोगा धरणाच्या पाण्यापर्यंत जातो. पितळी घंटा मी कधी पाहिलीच नव्हती, आणि चार्ज घेताना मीच तिच्यापुढं ‘मिळाली’ म्हणून सही केलेली. तेव्हा वय तेवीस होतं, घाई होती.

वाडीतल्या एका म्हाताऱ्या बाबांनी उलगडा केला. घंटा कधीतरी नवरात्रात देवळात नेली, ती तिथंच राहिली. “देवाला वाहिली म्हणा ना, गुर्जी.” जाऊन पाहिलं. गाभाऱ्यासमोर टांगलेली, आतल्या अंगाला लाल ऑइलपेंटमध्ये ‘जि. प. शा’ एवढं अजून वाचता येत होतं. रोज आरतीला वाजते. ती काढून आणणारा गुरुजी अजून जन्माला यायचाय.

असं झालं की घाबरू नका. निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, म्हणजे वस्तू कागदावरून कमी होते. कारणाच्या रकान्यात ‘मोडली’ लिहावं तर मोडली नाही. ‘हरवली’ लिहावं तर रोज संध्याकाळी ऐकू येते. मी ‘शाळेत उपलब्ध नाही’ असं लिहून पाठवलं. महिन्यानं त्रुटी निघाली: वस्तूचा फोटो जोडावा. देवळात जाऊन फोटो काढला, अक्षरांसकट, आणि जोडला. परवा उत्तर आलं: फोटोवरून वस्तू सुस्थितीत असल्याचे दिसून येते, सबब निर्लेखन करता येत नाही.

आता देवळाच्या पंचांकडून ‘घंटा शाळेची नाही’ असं लेखी आणायचं आहे. काल गेलो होतो. पंच आवणीत होते, गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरलं. म्हणाले, चार दिवस थांबा गुर्जी, खाचरं उरकली की बघू. आणि तोवर रिकामे असाल तर चार रोपं लावायला या.