नामपारखी

नामपारखी हा इस्रायलच्या किनारपट्टीत, विशेषतः तेल अवीव, गिवतायिम आणि हर्त्झलिया या भागात आढळणारा होऊ घातलेला बाप होय. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी सॉफ्टवेअरची, बायकोला चौथा महिना. त्याची ओळख करून देण्याचे खरे तर कारण नाही. जेवणाच्या सुट्टीत एकदा त्याच्या तावडीत सापडलेला माणूस त्याला जन्मभर विसरत नाही. बाळासाठी त्याला एकच नाव हवे असते. ते हिब्रू म्हणून अस्सल असावे, बायबलात नसले तरी निदान शब्दकोशात सापडावे, आणि हीथ्रो विमानतळावर पुकारले तर पुकारणाऱ्या बाईची जीभ अडखळू नये. मुलगा झाला तर सुंतेच्या वेळी, म्हणजे आठव्या दिवशी, नाव चारचौघांत जाहीर करावेच लागते. त्याआधी ते फोडू नये असा पुष्कळ घरांत संकेत आहे. नामपारखी तो कसोशीने पाळतो. ठरत आलेले नाव तो कुणालाही सांगत नाही. नाकारलेली मात्र सगळी सांगतो, कारणांसकट.

पहिली गाळणी घशाची. हिब्रूतल्या ‘खेत’ या अक्षराला इंग्रजीत जागा नाही, म्हणून ते ‘सी-एच’ असे लिहितात. परिणामी खाइमचा अमेरिकेत चाइम होतो. ‘त्सादी’ या अक्षराची गतही बरी नाही. या दोन अक्षरांपायी बायबलातले कितीतरी मान्यवर परस्पर बाद होतात. दुसरी गाळणी अर्थाची. निम्रोद हा उत्पत्तीच्या पुस्तकातला पराक्रमी शिकारी, पण अमेरिकेत बावळटाला निम्रोद म्हणतात. मोरान हे एका देखण्या झुडपाचे नाव. इंग्रजी कानाला ते थेट ‘मूर्ख’ असे ऐकू येते. दाविदचे लाडके रूप दुदू. इंग्रजी बोलणारी तान्ही मुले ज्यांनी सांभाळली आहेत त्यांना त्याविषयी अधिक सांगायला नको. नोआ ही तर दुखरी नस. हिब्रूत नोआ ही मुलगी: भाऊ नसल्यामुळे बापाच्या जमिनीचा वाटा मोशेकडे मागून तो मिळवणाऱ्या पाच बहिणींपैकी एक. तारू बांधणारा नोहा वेगळा. त्याच्या नावाच्या शेवटी तोच घशातला खेत आहे. अमेरिकेला हे कुणी कळवलेले दिसत नाही. तिथे २०१३ ते २०१६ सलग चार वर्षे मुलग्यांच्या नावांत नोआच पहिला होता. एरियलचे नेमके उलटे. इस्रायलात ते सेनापतीला शोभणारे नाव. पण १९८९ मध्ये डिस्नेचा चित्रपट आला आणि तेव्हापासून जगभरच्या शाळकरी मुली एरियलला जलपरी म्हणून ओळखतात.

येथवर सगळे नामपारखी सारखेच. जातिवंत नामपारखी ओळखायचा तो कॉफीवरून. नाव कागदावर पारखता येत नाही, कपावर पारखावे लागते, असे त्याचे ठाम मत असते. परदेशातल्या कॉफीच्या दुकानांत गिऱ्हाइकाचे नाव विचारून कपावर लिहितात. तिथे तो बाळासाठी योजलेले नाव स्वतःचे म्हणून सांगतो आणि काय उमटते ते पाहतो. स्टारबक्स २००१ मध्ये इस्रायलात आली आणि २००३ मध्ये गाशा गुंडाळून गेली, हे त्याच्या लेखी राष्ट्रीय नुकसान आहे. म्हणून कंपनीने बॉस्टनला पाठवले की तो बैठकीपेक्षा काउंटरवरच जास्त सापडतो. इदो सांगितले तर कपावर ‘आय डू’, म्हणजे चर्चमधल्या नवरीचे उत्तर. ईताय सांगितले तर ‘ईट थाय’. ओर सांगितले तेव्हा काउंटरवरच्या मुलीने पेन थांबवून विचारले, “ऑर… व्हॉट?” ताल सांगितले तेव्हा कपावर नाव आलेच नाही, ‘टॉल’ हे त्या दुकानातले एक माप असल्याने कॉफी तेवढी त्या मापाची आली.

मुलींची नावेही तोच सांगतो. “तामार!” अशी हाक येते आणि सहा फुटी, दाढीवाला तामार खाली मान घालून पुढे होतो, कपाचा फोटो काढतो आणि बायकोला पाठवतो. बॉस्टनमध्ये तेव्हा संध्याकाळ असली तरी इस्रायलात पहाटेचे दोन वाजलेले असतात. बायकोचे उत्तर एका शब्दाचे असते: “झोप.” ते त्याला जमत नाही, कारण दिवसभरात पाच नावे म्हणजे पाच कप. जागरणाचे खापर तो येऊ घातलेल्या जबाबदारीवर फोडतो.

नावे वाकवणे इस्रायलला नवे नाही, वाकवण्याची दिशा तेवढी बदलली. पुढे पंतप्रधान झालेल्या दाविद ग्र्युनचे बेन गुरियन झाले. त्यांच्या आग्रहावरून गोल्डा मेयरसन १९५६ मध्ये परराष्ट्रमंत्री होताना गोल्डा मेईर झाल्या. परदेशातून आणलेली नावे टाकून हिब्रू घ्यावीत, कारण आता इथेच राहायचे आहे, असा तो हिशेब होता. पुढे बिन्यामिन नेतन्याहू अमेरिकेत शिकायला गेले तेव्हा काही काळ ‘बेन नितै’ या सुटसुटीत नावाने वावरले. नामपारखी राजकारणात कुठल्याही बाजूचा असो, या एका बाबतीत त्याला त्यांची अडचण पटते.

नामपारख्याची एक मराठी उपजात आहे. ती दिमोना, बेर शेवा, अश्दोद, लोद या गावांशी नाते सांगते आणि तिचे मूळ रायगड जिल्ह्यात सापडते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले शनिवार तेली, म्हणजे बेने इस्राएल ज्यू, हे तिचे पूर्वज. त्यांनी हा प्रश्न फार पूर्वी, एकही कप न दवडता सोडवला होता. सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा इसाजी, अब्राहमचा अबाजी, आणि आडनाव गावावरून: पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. इंग्रजांच्या फौजेतल्या समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले; तेच सॅम्युएल इझिकेल दिवेकर, आणि मशीद बंदरच्या सॅम्युएल स्ट्रीटला नाव त्यांचे. एकाच माणसाची दोन नावे, एक गावकीसाठी, एक साहेबासाठी, आणि दोन्ही बिनतक्रार चालली.

या उपजातीला गाळण्या दोन नसून तीन असतात. तिसरी म्हणजे दिमोन्यातली आजी. १९६०-६५च्या सुमारास ती बोटीने आली, हिब्रू बाजारापुरती शिकली, भांडणे मात्र मराठीतच करते. नातू यादी घेऊन जातो तेव्हा ती भाजी निवडत असते. शनी हे इस्रायलात मुलीचे अगदी रुळलेले नाव, अर्थ किरमिजी रंग. “अरे, पोरीच्या मागं जन्मापासून साडेसाती लावतोस?” मोती हे मोर्देखायचे घरगुती रूप. “मोती आमच्या शेजाऱ्यांचा कुत्रा होता, अलिबागला. गुणी होता, पण कुत्राच.” गाय, म्हणजे दरी, इंग्रजीतही सरळ चालणारे, नातवाच्या यादीत सर्वांत वरचे. आजी काहीच बोलत नाही. ती इतकी हसते की पालकाची जुडी मांडीवरून खाली पडते. एरियल? “ती धुण्याची पावडर ना? ठाण्याला वहिनी वापरते.” अमित चालते, नीर चालते, माया तर तिन्ही भाषांत चालते, म्हणूनच प्रत्येक बालवाडीत दोन-तीन माया असतात आणि नामपारख्याला ते नाव नको असते. शेवटी आजी चष्मा काढते. “तू नाव ठेवतोयस की तिकीट काढतोयस?”

हा प्रश्न नामपारख्याला झोंबतो, कारण उत्तर तिला आधीच कळलेले असते. मूल परदेशी जाईलच असे त्याला वाटत नाही, जाणार नाही असेही वाटत नाही. तो स्वतः दोन-चार वर्षे तिकडे काढून आलेला असतो. घरी त्याचे नाव त्साखी. तिकडच्या कचेरीत पहिल्याच आठवड्यात त्साखीचा झॅक झाला. त्याने दोनदा दुरुस्ती केली आणि तिसऱ्यांदा “येस” म्हणून मोकळा झाला. पुढे एकदा आईने तातडीने कचेरीत फोन लावला, त्साखीला बोलवा म्हणाली, आणि टेलिफोनवरच्या माणसाने अदबीने सांगितले की या नावाचे इथे कुणी नाही. नामपारखी ही हकिकत जेवणाच्या सुट्टीत सांगत नाही. कपांचे खूळ कुठून आले ते बायकोला याच एका गोष्टीवरून ठाऊक असते, म्हणून ती पहाटे दोनला फोन बंद ठेवत नाही. माणूस कंटाळवाणा आहे हे खरेच. पण आपल्या पोराला हाक मारली तर ती त्याची त्याला ओळखू यावी, यापलीकडे तो काही मागत नसतो, हेही नाइलाजाने मान्य करावे लागते.

निकाल बहुधा ठरलेला असतो. आठव्या दिवशी, सुंता करणारा मोहेल समोर उभा राहिल्यावर, नऊ महिन्यांच्या संशोधनातून ‘दानियेल’ बाहेर पडते: बायबलातले, इंग्रजीत डॅनियल म्हणून बिनबोभाट खपणारे, कपावर अचूक उमटणारे, आणि आजीच्या वडिलांचेही तेच. आजीने ते चौथ्या महिन्यातच सुचवलेले असते आणि यादीत ‘फार साधे’ असा शेरा मारून ते खोडलेले असते. या साधेपणाचे फळ तीन वर्षांनी मिळते. बालवाडीत मुलाच्या वर्गात आणखी दोन दानियेल निघतात. बाई गोंधळ टाळण्यासाठी आधी ‘दानियेल पेणकर’ म्हणतात, मग दमून नुसते ‘पेणकर’. हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे दप्तराच्या खुंटीवरचे ते नाव नव्या बाई पंकर, पिंकर असे चाचपडत वाचतात. मूल दर वेळी त्यांना दुरुस्त करते.