गटनेते, मतं मोजायला शिका

प्रति,
विधिमंडळ पक्षाचे गटनेते
(पक्ष कोणताही, राज्य कोणतंही)

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, कारण प्रेम वाटावं असं तुम्ही बऱ्याच वर्षांत काही केलेलं नाही.

मी दिल्लीत सरोजिनी नगरात राहते. सरकारी नोकरांची वसाहत म्हणून वाढलेला हा भाग. सरकारी कचेरीतला साधा कारकूनही फायलीवर आपलं मत लिहितो आणि खाली सही करतो. लाखो मतदारांचा आमदार मात्र तुमच्या बैठकीत जातो, हात वर करतो आणि बाहेर येतो. त्याचं स्वतःचं मत काय होतं, हे त्याच्या मतदारसंघाला कधीच कळत नाही. यात लाज त्याची थोडी आणि तुमची जास्त आहे.

आमदार तुम्हाला आपल्यातून निवडतात ते त्यांचं म्हणणं वर पोचवण्यासाठी. तुम्ही वरचा निरोप खाली पोचवता. महाराष्ट्राचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ रोजी लागला; भाजपच्या आमदारांनी नेता निवडला ४ डिसेंबरला, दिल्लीनं पाठवलेल्या निर्मला सीतारामन आणि विजय रूपाणी या निरीक्षकांसमोर. दिल्लीत ८ फेब्रुवारी २०२५ रोजी भाजपचे ४८ आमदार निवडून आले आणि मुख्यमंत्री म्हणून रेखा गुप्तांचं नाव कळलं १९ फेब्रुवारीला. दोन्हीकडे ‘एकमत’. काँग्रेसवाल्यांनी यावर हसू नये. मे २०२३मध्ये बेंगळुरूत त्यांच्या आमदारांनी एका ओळीचा ठराव केला: नेता पक्षाध्यक्षांनी ठरवावा. निवडून आल्यावरचा पहिलाच अधिकार त्यांनी दुसऱ्याच संध्याकाळी देऊन टाकला.

हे असंच चालायचं, असं मला सांगू नका. १९ जानेवारी १९६६ रोजी याच दिल्लीत काँग्रेस संसदीय पक्षानं नेतेपदासाठी गुप्त मतदान घेतलं. इंदिरा गांधींना ३५५ मतं पडली, मोरारजी देसाईंना १६९. आकडे जाहीर झाले, हरणारा हरला आणि पक्ष त्या दिवशी मोडला नाही. त्याच इंदिराबाईंच्या पसंतीनं १९८२मध्ये बाबासाहेब भोसले महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. मतपेटीकडून मर्जीकडे यायला सोळा वर्षं पुरली. तुमच्या पदाचं तेज तेव्हा गेलं, आणि ते परत मागण्याची हिंमत तुमच्यातल्या फार थोड्यांनी दाखवली.

बंड केलंत तरी आमदाराचं मोल तुम्ही वाढवलं नाहीत. २१ जून २०२२ रोजी शिवसेनेत एकाच दिवशी दोन गटनेते उभे राहिले, अजय चौधरी आणि एकनाथ शिंदे. प्रतोदही दोन, सुनील प्रभू आणि भरत गोगावले. शिंदेंच्या बाजूचे आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले. प्रतोद आणि गटनेता नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०२३ रोजी सांगितलं. पुढे १० जानेवारी २०२४ रोजी विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरवला नाही. गोव्यात काँग्रेसच्या उमेदवारांनी जानेवारी २०२२मध्ये देऊळ, क्रूस आणि दर्ग्यासमोर निष्ठेच्या शपथा घेतल्या. त्याच सप्टेंबरात, निवडून आलेल्या अकरापैकी आठ आमदार भाजपमध्ये गेले. आठच का? पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणाला दोन-तृतीयांश आमदार लागतात. एकटा आमदार विवेकानं विरोधात मत देतो तेव्हा त्याची आमदारकी धोक्यात येते, आणि टोळीनं जाणारे सुखरूप राहतात. हा हिशेब तुम्ही मांडता.

पक्षांतरबंदी १९८५ साली आली ती आमदारांची खरेदी थांबवायला. तुम्ही ती आमदारांची तोंडं बंद करायला वापरलीत. व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडल्यास अपात्र ठरवणं विश्वासदर्शक ठरावापुरतं, धनविधेयकापुरतं, फार तर आभारप्रदर्शनाच्या ठरावापुरतं ठेवावं, असं दिनेश गोस्वामी समितीनं १९९० सालीच सुचवलं होतं. तुमच्यातल्या किती जणांनी तो अहवाल उघडला?

शिस्तीचा धाक मला घालू नका. सरकार टिकवण्यासाठी एकत्र मतदान हवं, हे मलाही मान्य आहे. पण शाळांवरच्या, शेतीवरच्या, पाण्यावरच्या विधेयकावर आमदारानं आपल्या तालुक्याचं म्हणणं मांडलं, तर सरकार कोसळत नाही. कोसळते ती तुमची मक्तेदारी.

म्हणून तीन मागण्या करते. नेता निवडताना गुप्त मतदान घ्या आणि मतांचे आकडे जाहीर करा. व्हिप सरकारच्या जगण्यामरण्याच्या मतदानापुरताच काढा. बैठकीत कोण काय बोललं, याचं इतिवृत्त ठेवा आणि ते मतदारांना वाचू द्या. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पुढच्या बैठकीत एक मतपेटी ठेवली की झालं.

ती ठेवायला तुम्ही घाबरत असाल, तर ‘नेता’ म्हणवून घेणं आजपासून थांबवा.

एक मतदार,
सरोजिनी नगर, नवी दिल्ली