तोंडाचा पट्टा, मुक्काम चाकण

मराठी माणसाचा राग रिकाम्या हाताने येत नाही. तो तोफ डागतो, तोंडाचा पट्टा सोडतो, समोरच्याची बिनपाण्याने करतो, आणि हाताशी काहीच नसलं तर स्वयंपाकघरातलं सूप उचलून आग पाखडतो. धान्य पाखडलं की फोलपट उडतं, दाणा मागे राहतो. आग पाखडली की सूपही राहत नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ला एमआयडीसी आली, आणि आसपासच्या शेतांवरची माणसं पाळीवर जाऊ लागली. सूप घरी राहिलं. आगपाखड मात्र डब्याबरोबर कंपनीत आली.

ती ऐकायची तर पगारवाढीचा करार रखडलेला असताना, द्वारसभेत. पहिली पाळी सुटलेली असते. पुढारी टेम्पोच्या हौद्यात उभा राहून व्यवस्थापनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो. खांद्याला डब्याची पिशवी लावलेले श्रोते टाळ्या देतात, पण एक डोळा बसकडे. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं की मुरलेला पुढारी सातव्या पिढीवरून थेट आकड्यावर उतरतो: वाढ किती, करार किती वर्षांचा, फरक कधी मिळणार. इथे मात्र पाखडल्यावर दाणा निघतो. बससाठी का होईना, निघतो.

तोंडाचा पट्टा मूळचा दांडपट्ट्याच्या घराण्यातला. पण भोसरी-चाकणच्या माणसाला पट्टा म्हटलं की कन्व्हेयरच दिसतो, आणि मला त्याचंच पटतं. दांडपट्टा फिरवणारा कधीतरी दमतो. कन्व्हेयर दमत नाही. फक्त त्याला लाल बटण असतं, ही सोय तोंडाला नाही.

लाखोली खरं तर देवाची. लाख बेलपानं मोजून वाहायला भाविकाला किती दिवस लागतात कोण जाणे. चाकणच्या तळेगाव चौकात एखादा कंटेनर आडवा झाला, तर शिव्यांची लाखोली दिवे लागायच्या आत पुरी होते.

पण कारखान्यात रुळलेला शब्द म्हणजे ‘फायरिंग’. साहेबांनी झापलं की ‘आज फायरिंग झाली’. इंग्रजीत यानंतर माणूस घरी जातो, आपल्याकडे मशीनवर. परदेशातून नव्याने आलेल्या एखाद्या मोठ्या साहेबाला कुणी सांगितलं, की क्वालिटीच्या मीटिंगमध्ये अख्ख्या लाईनला फायर केलं, तर आज गाड्या कोण काढणार या काळजीने त्याचा घसा कोरडा पडेल. लाईन तेव्हा कँटीनमध्ये पोह्यांवर जास्तीचं लिंबू मागत असते.