पुन्हा वाच!

लहान मुलांचं पुस्तक विकत घेतो एक आणि ते सोसतो दुसरा. सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. बाळगुटी उगाळणारी आजी स्वतः कधी ती चाटत नाही, त्यातलाच हा प्रकार. दुकानात शिरलेला पालक आधी शेवटचं पान उघडतो. तिथे चौकटीत तात्पर्य छापलेलं दिसलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. ‘खोटं बोलू नये’ म्हणजे पैसे वसूल. माझं म्हणणं असं की ही परीक्षाच चुकीच्या पानावर घेतली जाते. तीन-चार वर्षांच्या मुलाचं पुस्तक एकदा वाचून कपाटात ठेवायचं नसतं. ते रोज रात्री, त्याच सुरात, एकही शब्द न गाळता वाचायचं असतं, आणि डोळ्यांवर झोप आली म्हणून अर्धं पान गिळलं तर कुशीतून ताबडतोब हरकत येते. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न एकच: पन्नासाव्या वेळी हे पुस्तक दोघांना सोसवेल का?

यावर पहिला आक्षेप अर्थातच संस्कारांचा. ‘मग मुलांनी शिकायचं काय?’ उत्तरादाखल मी चिऊ-काऊच्या गोष्टीला साक्षीला बोलावतो. पावसात घर वाहून गेलेला शेजारी दाराशी कुडकुडत उभा आहे आणि चिऊताई बाळाचं न्हाणं-माखणं, काजळ-तीट यथासांग उरकत बसली आहे. दार उघडते तीही कावळ्याला चुलीच्या ऊबदार वैलावर बसवायला, आणि काही घरांतल्या आवृत्तीत तो तिथे चक्क भाजून निघतो. शेजारधर्माचा धडा म्हणून ही गोष्ट कोणत्याही समितीने मंजूर केली नसती. तरी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण दार पुन्हा वाजतं. पुढची सबब कोणती हे मुलाला पाठ असतं आणि पाठ असूनही, किंबहुना म्हणूनच, ती ऐकायची असते. मोठ्यांना पुढे काय होणार याची उत्सुकता लागते; लहानांना पुढे जे होणार ते खरोखर तसंच होतं की नाही याची. बोधकथेत हे सुख नसतं. बोध एकदा कळला की कळला. पन्नासाव्यांदा कळत नाही.

दुसरा आक्षेप हिशेबी माणसाचा: ‘बत्तीस पानं, पानाला एक ओळ आणि किंमत एवढी?’ आपण पुस्तक कांद्यांसारखं तोलून घेतो, शब्दांवर. पण पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’मध्ये मिळून शब्दच बत्तीस आहेत. एक कोंबडी फेरफटका मारून घरी परतते, असं ते शब्द सांगतात. तिच्या मागावर सबंध पुस्तकभर एक कोल्हा आहे आणि दर दोन पानांआड तो फजीत होतो, हे मात्र फक्त चित्रांत. मजकुरात कोल्ह्याचा उल्लेखही नाही. म्हणजे वाचणाऱ्या बाबांना ठाऊक नसलेली गोष्ट ऐकणाऱ्या मुलाला दिसते. घरात सत्तांतर घडवणारं असं पुस्तक दुसऱ्यांदा मागितलं जाणारच. एरिक कार्ल यांचा खादाड सुरवंट (१९६९) तर फळं खाताना पानांना खरीखुरी भोकं पाडून जातो. त्यांत बोट घातल्याशिवाय पान उलटणारं मूल मिळायचं नाही. आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ घ्या. लिहिणारा आणि चित्रं काढणारा हात एकच असला की, ओळीत जे आलं तेच चित्रात पुन्हा रंगवून ठेवायचा आळशीपणा होत नाही.

माहितीच्या पुस्तकांची तर आपल्याकडे फारच आबाळ. त्यांचा पूर्वज म्हणजे अंकलिपी. ऐ ऐरणीचा, औ औताचा. सातव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला ऐरण आणि टायरॅनोसॉरस सारखेच नामशेष, पण त्यातलं दुसरं नाव ते बिनचूक म्हणतं. ‘खरी माहिती एवढ्याशा पोरांना झेपत नाही’ म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा. गांडुळाला डोळे नसतात आणि ते कातडीतून श्वास घेतं, यापुढे उडणारा गालिचा मला तरी फिका वाटतो. जपानच्या तारो गोमी यांनी १९७७ साली अख्खं चित्रपुस्तक काढलं ते ‘सगळेच शी करतात’ या एकाच शास्त्रीय सत्यावर. कोणत्या प्राण्याची कशी, हेसुद्धा त्यात आहे. याहून जिव्हाळ्याचा विषय त्या वयात दुसरा नसतो, पण दिवाणखान्यात ठेवायला नको म्हणून आपण सौरमालेचा तक्ता आणतो.

एक गोष्ट मात्र खरी: माहितीच्या पुस्तकात चूक असेल तर तीही पन्नास वेळा वाचली जाते. ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच बर्फावर गळ्यात गळा घालून उभे असतील तर पुस्तक मुकाट्याने खाली ठेवावं. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातला. त्यांची गाठ पडायची तर प्राणिसंग्रहालयातच. कार्ल यांच्या सुरवंटालाही या कारणावरून बोलणी बसली. फुलपाखरू पतंगासारखं रेशमी वेटोळ्यातून बाहेर येत नाही, असं जाणकारांनी दाखवून दिलं. मराठीत हा वाद उद्भवतच नाही, कारण आपण दोन्हींना कोषच म्हणतो. उलट आपल्या भाषेने देवमाशाला मासा करून ठेवलंय आणि ते निस्तरायला माहितीचं एक चांगलं पुस्तक लागतं.

‘पुस्तकं फाडतात हो!’ फाडतात. जाड पुठ्ठ्याची घ्या. ‘परवडत नाहीत.’ प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर २०१५पासून चित्रपुस्तकं फुकट वाचायला ठेवलेली आहेत, मराठीतही. आणि विकतच घेणार असाल तर दुकानात उभ्याउभ्या त्यातली दोन पानं मोठ्याने, आवाज काढून तीनदा वाचा. दुकानदार बघेल, बघू दे. तिसऱ्या वेळी तुम्हालाच जांभई आली तर ते पुस्तक घेऊ नका, उरलेल्या सत्तेचाळीस वेळाही तुम्हालाच वाचायचं आहे.