मिशीला स्कर्ट शोभेना

साल १९८४. ‘क्वीन’ या रॉक बँडच्या ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ गाण्याच्या व्हिडिओत गायक फ्रेडी मर्क्युरी काळा चामड्याचा मिनी स्कर्ट घालून, मिशी मात्र तशीच राखून, व्हॅक्यूम क्लीनरने घर झाडतो. ब्रिटिश पोट धरून हसले. त्यांच्याच ‘कोरोनेशन स्ट्रीट’ मालिकेची ती नक्कल. गाणं तिथे ३ऱ्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत कपाळाला आठ्या, क्रमांक ४५वा. ओठ रंगवून, केस फुगवून किंचाळणारे रॉकवाले तिथे मर्द. केर काढणारा तेवढा संस्कृतीला धोका!

फ्रेडीची शाळा पाचगणीची. आपण तर बालगंधर्वांच्या शालूवर जीव ओवाळलेली माणसं. स्कर्ट सहज पचवला असता. पण पुरुषाने घरात केर काढायचा? छे, हे अतिच झालं!