गोल्फची खासगी शिकवणी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात गवत उगवलेच, तर त्याच्या कापणीचा वंशपरंपरागत हक्क उस्मानाबादी शेळीकडे असल्यामुळे, गोल्फचा शौक जडलेल्या एखाद्या सधन गृहस्थास दर पंधरवड्यास पुण्याची वाट धरून, येरवड्याच्या हिरवळीवर खासगी शिकवणी घेणे क्रमप्राप्तच ठरते. आता अशा नियमित शिकवणीने खेळ सुधारतो काय, या प्रश्नाचा निःपक्षपाती निवाडा करावयाचा, तर गृहस्थांची वाणी निश्चितच सुधारते, हे प्रथम नमूद केले पाहिजे: मस्तक स्थिर का ठेवावे, डावा हात ताठ का असावा, देहाचा भार कोणत्या क्षणी पुढल्या पायावर जावा, याचे निरूपण ते दिवाणखान्यात छत्री फिरवून साभिनय करतात. सव्वाचार इंची भोकात उतरण्यास चेंडू तेवढा राजी नसतो; कारण दोन धड्यांच्या दरम्यान करावयाचा सराव कोणत्याही फीच्या पावतीत समाविष्ट नसतो. सुदैवाने २०२० पासूनच्या जागतिक पद्धतीत हँडिकॅपची कमाल मर्यादा ५४ ठरलेली आहे, म्हणजे अधोगतीसही कायदेशीर हद्द आहे.

याच जिल्ह्यातल्या सारिका काळे यांनी २०१६ साली गुवाहाटीत भारतीय खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणले, पुढे अर्जुन पुरस्कारही मिळवला. परंतु ज्या खेळात चौदा काठ्यांची पिशवी वाहणारा इसमही लागत नाही, त्यास प्रतिष्ठा कोठून येणार? गृहस्थांनी आता शिकवण्या दुप्पट करण्याचे योजिले आहे. आधी शिक्षक बदलावा की काठ्या, एवढाच मुद्दा विचाराधीन आहे.